ड्राफ्टिंगसाठी ऑफिसचे सहा पीसी असेंबल करायचे आहेत, पैसे नेमके कुठे घालावेत?

भोसरीकर

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं जिग-फिक्श्चर आणि छोट्या एसपीएमचं (स्पेशल पर्पज मशिनचं) डिझाइन ऑफिस आहे. सहा जण ड्रॉइंगवर बसतात. चौघे दिवसभर ऑटोकॅडमध्ये टूडी डिटेलिंग करतात, दोघे सॉलिडवर्क्समध्ये असेंब्ली. सध्याच्या मशिनी सातव्या पिढीच्या आय५ आहेत. त्या विंडोज ११ घेत नाहीत, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एका मोठ्या ग्राहकाच्या व्हेंडर ऑडिटच्या फॉर्ममध्ये नेमका हाच रकाना आलाय, त्यामुळे आता चालढकल करता येणार नाही.

दोन कोटेशन हातात आहेत.

पहिलं: नवीन असेंबल्ड, आय७, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ४०६० गेमिंग ग्राफिक्स कार्ड, काचेचा कॅबिनेट, आत रंगीत दिवे.

दुसरं: रिफर्बिश्ड वर्कस्टेशन, दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ (इंटेलचे सर्व्हरचे प्रोसेसर), ६४ जीबी रॅम, जुनं क्वाड्रो ग्राफिक्स कार्ड. किंमत पहिल्याच्या निम्म्याहून कमी. विकणारा म्हणतो, "साहेब, अठ्ठावीस कोर आहेत, डोळे झाकून घ्या."

बजेट मशिनमागे ७०-७५ हजार, मॉनिटर वेगळे. तक्रार अशी की जनरल असेंब्लीची मोठी शीट उघडली की झूम-पॅन अडखळतं आणि रीजन (ड्रॉइंग पुन्हा आखून घ्यायची कमांड) दिलं की पोरं चहाला जाऊन येतात. काय घ्यावं?

खटपट्या

दुसरं कोटेशन घ्या. माझ्याकडे असंच झिऑनचं धूड आहे, व्ही-रेचे रेंडर (थ्रीडी मॉडेलची खऱ्यासारखी चित्रं) मस्त निघतात. एवढी रॅम नव्या मशिनमध्ये घ्यायला जाल तर आजच्या भावात घाम फुटेल.

लेअर झिरो

भोसरीकर, दोन्ही नको.

खटपट्या म्हणतात ते रेंडरपुरतं बरोबर आहे. रेंडरिंगचं काम तुकडे करून सगळ्या कोरांना वाटता येतं. ऑटोकॅडमधलं रोजचं काम, म्हणजे रीजन, ट्रिम, हॅच, ब्लॉक एडिट, हे बहुतेक एकाच कोरवर चालतं. सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल रीबिल्ड होतं तेही फीचर ट्रीच्या क्रमाने, आधीचं फीचर झाल्याशिवाय पुढचं नाही. म्हणजे अठ्ठावीस गडी बांधावर उभे आणि फावडं एकच. मग तो एक गडी किती चपळ आहे एवढंच बघायचं. ई५-२६८० व्ही४ चा बेस क्लॉक २.४ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.३. आजचा साधा आय५-१४४०० एका कोरवर ४.७ पर्यंत जातो. शिवाय तो झिऑन २०१६ चा. त्यानंतरच्या पिढ्यांमध्ये प्रत्येक गिगाहर्ट्झमागे होणारं कामही वाढलंय, त्यामुळे खरा फरक आकड्यापेक्षा मोठा आहे.

आणि ज्या कारणासाठी मशिनी बदलताय तेच त्यात होणार नाही. हा झिऑन विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. जुगाड करून टाकता येतं, पण ऑडिटवाल्याला जुगाड दाखवणार का?

माझ्यावर विश्वास ठेवू नका, उद्या स्वतः बघा. तुमच्या जुन्या आय५ ला चार कोर, चार थ्रेड आहेत. टास्क मॅनेजर उघडून ठेवा, मोठी शीट उघडा आणि रीजन द्या. सीपीयूचा आकडा २५ टक्क्यांच्या आसपास जाऊन तिथेच खिळला, तर समजा एक कोर पूर्ण भरलाय आणि बाकीचे तीन बसून आहेत. इथेच बहुतेकांची फसगत होते. "सीपीयू तर पंचवीसच टक्के आहे, म्हणजे ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय" असं म्हणून लोक कार्ड बदलतात. त्या दोन झिऑनवर छप्पन थ्रेड असतात, तिथे हाच आकडा दोन टक्क्यांच्या आसपास दिसेल आणि रीजन तरीही रडतच चालेल.

पेठेतला असेंबलर

लेअर झिरो +१.

माझं दुकान पासोड्या विठोबापासून हाकेच्या अंतरावर आहे, जाहिरात करत नाही, नाव विचारू नका. रिफर्बिश्ड झिऑन आमच्याकडेही येतात, मीही विकतो, पण गिऱ्हाइकाला आधी काम काय ते विचारतो.

पहिल्या कोटेशनमध्ये पैसे चुकीच्या जागी गेलेत. टूडी ड्राफ्टिंगला ४०६० म्हणजे निव्वळ उधळपट्टी. तुमच्या चौघांना प्रोसेसरमधलं ग्राफिक्ससुद्धा पुरतं. फक्त प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी एफ नाही ना, ते बघा. आय५-१४४००एफ किंवा रायझन ७५००एफ घेतलात तर आत ग्राफिक्स नसतं, मग कार्ड घ्यावंच लागतं. कोटेशनमध्ये तो एफ बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच, आणि मशिन घरी आल्यावर कळतं की बोर्डाच्या एचडीएमआयमधून काही दिसत नाही.

दोन पर्याय देतो:

आय५-१४४०० + बी७६० बोर्ड. यात डीडीआर४ किंवा डीडीआर५, जो बोर्ड घ्याल त्याप्रमाणे. मात्र या सॉकेटवर १४ व्या पिढीपुढे काही येणार नाही.

रायझन ५ ७६०० + बी६५० बोर्ड. सहा कोर, ५.१ पर्यंत टर्बो, ६५ वॉट. फक्त डीडीआर५. एएम५ सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल.

ड्राफ्टिंगला दोन्ही उत्तम. मी असतो तर रायझन.

प्रोसेसर डब्यातला घ्या, ट्रे (डब्याशिवाय सुटा) नको. ट्रेवर शे-पाचशे वाचतात, पण डब्याला तीन वर्षं वॉरंटी असते आणि ट्रेला विकणारा देईल तेवढी, बहुतेक वर्षभर.

चाकणचा वारा

इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीत प्रोसेसर खराब व्हायचा घोळ होता ना? आमच्याकडे त्या भीतीने मॅनेजमेंटने इंटेलचं नावच काढू दिलं नाही.

लेअर झिरो

होता. व्होल्टेज जास्त जाऊन प्रोसेसर हळूहळू अस्थिर व्हायचे. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या, बायोसमधून येणाऱ्या) दिले, ०x१२बी हा त्यातला सप्टेंबरचा, आणि बाधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षं वाढवली. तो त्रास मुख्यतः आय७, आय९ आणि १३६००के-१४६००के अशा वरच्या मॉडेलांना होता, १४४०० त्या यादीत नाही. भोसरीकरांच्या पहिल्या कोटेशनमधला आय७ मात्र १३ किंवा १४ वा असेल तर बायोस नवा टाकल्याशिवाय मशिन ताब्यात घेऊ नका.

आडवा छेद

मी आर्किटेक्ट, ऑफिस कोथरूडला. प्रोसेसरवर सगळ्यांनी सांगितलंच आहे, मी ज्यावर माणूस आठ-नऊ तास डोळे लावून बसतो त्याबद्दल बोलते.

मॉनिटरवर कंजुषी नको. २४ इंची फुल एचडीवर ए१ शीट पूर्ण बघायला गेलं की डायमेन्शनचा टेक्स्ट वाचता येत नाही, आणि टेक्स्ट वाचायला गेलं की शीट दिसत नाही. दिवसभराचं निम्मं झूम-पॅन या एका कारणाने होतं. २७ इंच, २५६० × १४४०, आयपीएस, मॅट पॅनेल. मॅट मुद्दाम सांगते, कारण मॉडेल स्पेसची पार्श्वभूमी काळी असते आणि चकचकीत पॅनेलवर मागची ट्यूबलाइट त्या काळ्यात लख्ख उमटते. बजेट अगदीच नसेल तर २४ इंची १९२० × १२०० शोधा. त्या वरच्या १२० ओळींमध्ये रिबन आणि कमांड लाइन बसते, ड्रॉइंगची जागा जात नाही. २७ इंचात ४के घेऊ नका. स्केलिंग लावावं लागतं, आणि जुन्या लिस्प (ऑटोकॅडमधले छोटे प्रोग्राम) आणि प्लगिनांचे डायलॉग बॉक्स मुंगीएवढे दिसतात.

आणि माऊस! कॉम्बोत फुकट आलेला माऊस ड्राफ्ट्समनच्या हातात देऊ नका. आमच्यात चाक फिरवणं कमी आणि चाक दाबून धरणं जास्त. पॅन तिथूनच, डबल क्लिक करून झूम एक्स्टेंट्सही तिथूनच. स्वस्त माऊसचं चाक एक तर दगडासारखं कडक असतं, मग बोट आणि मनगट दुखतं, नाहीतर दाबताना थोडं फिरतं, म्हणजे पॅन करायला गेलं की झूम होतं. दुकानात जाऊन चाक दाबून बघा, शंभर वेळा दाबायचंय अशा हिशेबाने. कीबोर्ड नंबरपॅडवालाच. हल्ली दिसायला सुंदर म्हणून आखूड कीबोर्ड गळ्यात मारतात, त्यावर कोऑर्डिनेट टाकून दाखवा म्हणावं.

भोसरीकर

आडवा छेद ताई, माऊसचं अगदी पटलं. आमच्या एका पोराने स्वतःच्या पैशाने माऊस आणलाय आणि तो कुलपात ठेवून घरी जातो, कारण आत्ता कळलं.

लेअर झिरो, रीजनची टेस्ट केली. आकडा २६ वर जाऊन चिकटला. पण एक गंमत दिसली. तेवढ्याच आकाराची दुसरी शीट पटकन उघडते, आणि ग्राहकाकडून आलेल्या लेआउटवर आमचं फिक्श्चर टाकलेली शीट मात्र रखडते. दोन्हींत रेघा साधारण सारख्याच.

लेअर झिरो

म्हणजे घोडं दोन ठिकाणी पेंड खातंय. बरं झालं खरेदीच्या आधी कळलं.

ग्राहकाकडून, त्याच्या सप्लायरकडून, कुठल्या कुठल्या सॉफ्टवेअरमधून फिरत आलेल्या डीडब्ल्यूजीत (ऑटोकॅडच्या फाइलीत) कचरा साठतो. डीजीएनमधून (मायक्रोस्टेशनच्या फाइलींतून) आलेले लाइनटाइप, हजारोंनी स्केल लिस्ट, रिकामी रेग-अ‍ॅप्स (दुसऱ्या प्रोग्रामांनी फाइलमध्ये सोडलेली नावं). तुम्ही त्यातला एक ब्लॉक कॉपी करून आपल्या फाइलमध्ये टाकला की कचराही सोबत येतो आणि मग तुमच्या सगळ्या टेम्प्लेटांत पसरतो.

फाइलची कॉपी घ्या. आधी ऑटोकॅडची ऑडिट कमांड, एरर दुरुस्त करायला हो म्हणा. मग पर्ज (न वापरलेलं काढून टाकायची कमांड), सगळं टिकून. मग कमांड लाइनवर आधी वजा चिन्ह देऊन पर्ज, त्यात रेगअ‍ॅप्स निवडा, हा पर्याय डायलॉगमध्ये दिसत नाही. स्केल लिस्ट एडिटमध्ये जाऊन रिसेट. पुन्हा एकदा साधं पर्ज. सेव्ह करून आधीचा आणि नंतरचा साइझ बघा.

मागे पीडीएफ अंडरले लावला असेल तर तोही अनलोड करून बघा. स्कॅन केलेला लेआउट मागे ठेवून वर ट्रेस करायची सवय असते, तो काढायचा कुणाला सुचत नाही.

भोसरीकर

केलं. सांगितलंत तसंच. १४ एमबीची फाइल ३ एमबीची झाली! पोरं आता विचारतायत मग नवीन मशिनी येणार की नाही. (येणार.)

आता रॅमचं सांगा. ८, १६, ३२? दुकानदार एकच १६ ची स्टिक सुचवतोय.

पेठेतला असेंबलर

रॅमचा भाव आज सांगितला तर उद्या मी खोटा ठरेन. २०२५ च्या शेवटापासून भडका उडालाय. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी मेमरी बनवण्यात कंपन्या गुंतल्यात, आपल्या वाट्याला उरलंसुरलं. त्यामुळे कोटेशनची मुदत दोन-चार दिवसांचीच मिळेल, त्यावर दुकानदाराशी भांडू नका.

ऑटोडेस्क (ऑटोकॅडची कंपनी) २०२५ च्या आवृत्तीसाठी किमान ८ आणि शिफारस ३२ म्हणतं. टूडीला आजच्या भावात १६ ठीक. पण एक स्टिक नको, ८ च्या दोन घ्या. तुम्ही प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरणार, त्याची स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. एक स्टिक लावली की रॅमचा रस्ता अर्धा होतो आणि त्याचा फटका थेट स्क्रीनवर दिसतो.

हिशेबनीस

पण ८ च्या दोन लावल्या आणि बोर्डाला दोनच खाचा असल्या, तर पुढे वाढवताना दोन्ही फेकाव्या लागतील की. आमच्याकडे असंच झालं होतं.

पेठेतला असेंबलर

म्हणून एच६१० नको म्हणतोय, त्याला दोनच खाचा येतात. चार खाचांचा बी७६० किंवा बी६५० घ्या. मात्र रायझनवर चार डीडीआर५ स्टिका लावल्या की वेग बराच खाली येतो, बोर्डाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. पैसे असतील तर सरळ १६ च्या दोन आणि विषय संपवा. सॉलिडवर्क्सच्या दोन मशिनींना तर ३२ च्या खाली जाऊच नका.

लेअर झिरो

सॉलिडवर्क्सच्या कार्डाबद्दल. तिथे गेमिंग कार्ड नको. सॉलिडवर्क्सच्या साइटवर तपासलेल्या कार्डांची आणि ड्रायव्हरांची यादी असते, त्यात जीफोर्स नाही. रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्या मटेरियलसारखं दाखवायची सोय) त्या प्रोफेशनल कार्डांवरच चालतं, आणि जीफोर्सवर एज गायब होणं, सिलेक्ट केलेलं फेस न उजळणं असले भुताटकीचे प्रकार होतात. एनव्हिडियाचं टी१००० ८ जीबी किंवा नवं ए१००० पुरेसं. दोन्ही ५० वॉटची, वेगळी पॉवर केबल लागत नाही. दोनशे-तीनशे पार्टच्या एसपीएमला याहून मोठं कार्ड कशाला?

तीन फेज

मंडळी, प्रोसेसर-रॅमवर एवढा कीस पाडलात, पण ऑफिस भोसरीत आहे हे कुणी लक्षात घेतलं का? मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे, त्या भागात बरीच कामं केलीत. गुरुवारी महावितरण देखभालीला लाइट घालवतं ते सोडा, ते आधी माहीत असतं. खरा त्रास बाकीच्या दिवसांचा. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालू, मागे कॉम्प्रेसर दर दहा मिनिटांनी उचल खातो, व्होल्टेज नाचत असतं.

भोसरीकर, डिझाइन ऑफिसची लाइन शॉप फ्लोअरच्या डीबीवरून (वीज वाटपाच्या पेटीवरून) घेतली आहे का? असेल तर आधी ती वेगळी करा. मग मीटर घेऊन प्रत्येक सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. मी एका ठिकाणी अठरा पाहिलेत. तिथे दर महिन्याला एक मदरबोर्ड जायचा आणि बिचाऱ्या असेंबलरला शिव्या बसायच्या.

यूपीएस: कोपऱ्यातल्या ६०० व्हीएच्या डब्यावर ३६० वॉट लिहिलेलं असतं, तुमच्या मशिनला ते वॉटमध्ये पुरतं. अडचण वेगळी आहे. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की साइन वेव्हऐवजी चौकोनी पायऱ्यांचा करंट देतो, आणि चांगल्या एसएमपीएसमधल्या (मशिनच्या पॉवर सप्लायमधल्या) अ‍ॅक्टिव्ह पीएफसीला, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या सर्किटला, तो काही वेळा चालत नाही. लाइट गेली की यूपीएस चालू आणि मशिन बंद! गिऱ्हाईक म्हणतं यूपीएस खराब. सहा मशिनी आहेत तर सहा डबे घेण्यापेक्षा एकच ऑनलाइन यूपीएस घ्या, प्युअर साइन वेव्ह, बॅटऱ्या बाहेर. ३ केव्हीएत सहा मशिनी, सहा मॉनिटर आरामात बसतात. प्लॉटर आणि लेझर प्रिंटर मात्र त्यावर लावायचा नाही, कोणी कितीही गळ घातली तरी.

पेठेतला असेंबलर

तीन फेज साहेबांना दंडवत. शिव्या खाणारा असेंबलर मीच असेन बहुतेक.

एसएमपीएस ४५०-५५० वॉट, ८० प्लस ब्रॉन्झ, नाव असलेल्या कंपनीचा. कॅबिनेटसोबत येणारा अजिबात नको. आणि काचेच्या कॅबिनेटऐवजी पुढे जाळी आणि धुऊन लावता येणारा फिल्टर असलेला घ्या. तुमच्या बाजूला व्हीएमसी (मिलिंगचं सीएनसी मशिन) असेल तर हवेत कूलंटचं तेल असतं, धूळ त्याला चिकटून पंख्यावर काळा मेणचट थर बसतो, तो ब्लोअरने जात नाही.

हिशेबनीस

पैशाचं थोडं. कॉम्प्युटरवर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो, जीएसटी १८ टक्के, क्रेडिट मिळतं. म्हणून रोखीत बिनबिलाचा माल "स्वस्त" पडला तरी हिशेबात महाग पडतो. विंडोज ११ प्रोचं लायसन्स बिलावर वेगळं लिहून घ्या. ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत मिळणारी की चालते, पण ऑडिटमध्ये दाखवायला कागद नसतो.

आणि माझा प्रश्न: सरळ ब्रँडेड का नको? तीन वर्षं ऑनसाइट, माणूस ऑफिसात येऊन पार्ट बदलतो. असेंबल्डमध्ये बोर्ड गेला की सर्व्हिस सेंटरला पाठवायचा आणि वाट बघायची.

लेअर झिरो

एक-दोन मशिनींना तुमचं म्हणणं मान्य. सहा एकसारख्या असतील तर एक जादा बोर्ड आणि एक जादा एसएमपीएस कपाटात ठेवायचा, अर्ध्या तासात माणूस परत कामाला. त्याच किमतीच्या ब्रँडेडमध्ये एक रॅम स्टिक, कंपनीच्या मापाचा एसएमपीएस आणि पुढे काही बदलायची सोय नाही, असं बरेचदा असतं.

हिशेबनीस

कपाटातला बोर्ड म्हणजे अडकलेले पैसे. आपलं काही एकमत होणार नाही. :)

भोसरीकर

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: सहाही मशिनी रायझन ५ ७६००, चार खाचांचा बी६५०, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी. चौघांना १६, दोघांना ३२ आणि टी१०००. सॉलिडवर्क्सच्या दोन मशिनी बजेटच्या वर जातायत, टूडीच्या चार खाली बसतायत, मेळ जमतोय. मॉनिटर २७ इंची, चारच आत्ता, दोन मार्चनंतर. ऑनलाइन यूपीएसचं कोटेशन मागवलंय. न्यूट्रल-अर्थ मोजलं, एका सॉकेटवर ९ व्होल्ट आले, वायरमन उद्या येतोय. जादा बोर्ड एक घेतोय, हिशेबनीस काका रागावू नका.

एक शेवटचं: टी१००० ला एचडीएमआय दिसत नाहीये फोटोत?

पेठेतला असेंबलर

नसतंच. चार मिनी डिस्प्लेपोर्ट असतात. खोक्यात सहसा मिनीतून मोठ्या डिस्प्लेपोर्टचं अ‍ॅडॉप्टर येतं, पण सुटं विकताना ते काढून ठेवायची चाल काही ठिकाणी आहे. खोकं समोर उघडायला लावा. मॉनिटरसोबत डिस्प्लेपोर्ट केबल आहे का तेही बघा, नाहीतर एचडीएमआयच्या अ‍ॅडॉप्टरसाठी परत पेठेत चक्कर. आणि बिलावर बोर्ड, प्रोसेसर, कार्ड, एसएसडी, प्रत्येकाचा सीरियल नंबर लिहून घ्या. दोन वर्षांनी वॉरंटी मागायला याल तेव्हा पहिला प्रश्न तोच असेल.